सेन्सर बदलण्याआधी टेप लाव

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

चि. अनिकेत,

तुझा मेसेज वाचला. एअर सस्पेन्शनची गाडी पुढून डाव्या बाजूला बसत होती, स्कॅनरवर डाव्या लेव्हल सेन्सरचा कोड आला, तुम्ही नवा सेन्सर टाकला आणि आठवड्यात गाडी पुन्हा दारात उभी राहिली. आता दुसऱ्या कंपनीचा सेन्सर टाकून बघू का, असं तू विचारतोस. नको. आधी तो सेन्सर खरं बोलतोय की खोटं, हे ठरव. तुम्ही ती पायरीच गाळली आहे.

कोड म्हणजे निकाल नव्हे. ‘सिग्नल पटत नाही’ एवढंच कंट्रोल युनिट सांगतं. तो सिग्नल सेन्सरमुळे बिघडला, वायरीमुळे, कपलरमधल्या पाण्यामुळे की वाकलेल्या ब्रॅकेटमुळे, ते त्याला ठाऊक नसतं. ते शोधणं आपलं काम, आणि गिऱ्हाईक आपल्याला पैसे देतं ते त्याचेच.

सुरुवात टेपने कर. गाडी सपाट फरशीवर घे, चारही टायरची हवा बरोबर कर, आत कुणी बसू देऊ नकोस. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिही. मग स्कॅनरवर त्या त्या कोपऱ्याची लाइव्ह उंची बघ आणि दोन्ही आकडे शेजारी ठेव.

टेप म्हणते कोपरा 40 मिलिमीटर खाली आहे आणि स्कॅनर म्हणतो उंची अगदी बरोबर, तर त्या कोपऱ्याचं मोजमाप खोटं आहे. सेन्सरने कोपरा उंच असल्याचं कळवलं, म्हणून युनिटने हवा सोडून तो खाली आणला आणि आपलं काम झालं असं समजलं. उलट, टेप आणि स्कॅनर दोघंही खालीच म्हणत असतील, तर सेन्सर खरा आहे. मग बेलो, पाइपचे जॉइंट, वॉल्व्ह ब्लॉक, कॉम्प्रेसर आणि त्याचा रिले तपास, साबणाचं पाणी लावून गळती शोध. तुमच्या गाडीत नेमकं काय आहे, ते ही दोन मापं शेजारी ठेवल्यावर कळेल.

रात्रभर उभी राहून बसणारी गाडी बहुतेक वेळा गळतीची असते. पण इथेही फसायला होतं. लँड रोव्हर डिस्कव्हरी 3 सारख्या गाडीचं युनिट चावी काढल्यावरही मधूनमधून जागं होतं आणि बाकीचे कोपरे सर्वांत खालच्या कोपऱ्याशी जुळवून घेतं. सकाळी अख्खी गाडी खाली दिसते आणि गळका कोपरा लपून जातो. म्हणून रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेव. मग सकाळी गळका कोपरा तेवढा बसलेला दिसेल.

गाडीत सेन्सर किती आणि कुठे आहेत, हेही आधी माहीत करून घे. डिस्कव्हरी 3 ला चार चाकांना चार आहेत. 1998 साली आलेल्या मर्सिडीज एस-क्लासच्या डब्ल्यू 220 मॉडेलला तीनच: पुढे दोन आणि मागच्या दोन्ही चाकांना मिळून एक. तिथे मागची एकच बाजू बसली, तर मागच्या सेन्सरवर संशय घेण्यात अर्थ नाही.

मोजमाप खोटं निघालं, तरी लगेच पार्टच्या दुकानात जाऊ नकोस. आधी खाली बघ. 1955 च्या सिट्रोएन डीएसमध्ये उंची राखणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर नव्हताच. अँटिरोल बारला जोडलेली दांडी थेट तेलाचा वॉल्व्ह फिरवायची. आजही निम्मं काम दांडीचंच आहे. सेन्सर चासीला बसतो, त्याचा आर्म बहुधा एका लहान लिंकने सस्पेन्शनच्या कंट्रोल आर्मला जोडलेला असतो. त्या लिंकचे गोळे गंजतात, ढिले होतात, तुटतात. ब्रॅकेट दगड लागून वाकतं. नव्या सेन्सरला जुनी ढिली लिंक किंवा वाकलेलं ब्रॅकेट मिळालं, तर तोही खोटंच बोलणार.

लिंक धड असेल तर वीज तपास. कपलर उघडून हिरवा गंज आहे का बघ. आपल्या पावसाळ्यात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत तो हमखास सापडतो. बऱ्याच गाड्यांत सेन्सरला तीन वायरी येतात: 5 व्होल्टचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. सप्लाय आणि अर्थ कपलर जोडलेला असताना मोज, कारण मोकळ्या वायरीवर बरोबर दिसणारा व्होल्टेज लोड आल्यावर पडू शकतो. मग गाडी चासीवर पक्की टेकवून, लिंक सोडवून आर्म हाताने हळूहळू फिरव. सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत सलग चढायला हवा. मध्येच उडी मारली किंवा शून्यावर पडला, तर आतला ट्रॅक झिजला आहे. जुन्या पोटेन्शिओमीटरच्या सेन्सरमध्ये ही झीज बहुधा नेहमीच्या उंचीपाशीच असते, कारण गाडीच्या आयुष्याचा बराचसा काळ आर्म तिथेच थरथरत असतो. काही नव्या गाड्यांत सिग्नल पल्समध्ये येतो. तिथे मल्टिमीटरच्या आकड्यावर विसंबू नकोस, ऑसिलोस्कोप लाव.

सिग्नल स्वच्छ असेल तर वायरिंग हलवत हलवत आकडा बघ, विशेषतः चाकाजवळ वळणाऱ्या भागात. एकदम दोन-तीन सेन्सरचे कोड आले, तर सगळे सेन्सर एकाच वेळी गेले असं समजू नकोस. सामाईक सप्लाय किंवा अर्थ गेलेला असतो.

एवढं करून सेन्सर दोषी ठरला, तरच बदल. आणि बदलल्यावर कॅलिब्रेशन केल्याशिवाय गाडी देऊ नकोस. नवा सेन्सर जुन्याच्या जागी नेमक्या त्याच कोनात बसेल याची खात्री नसते. खरी उंची किती, हे युनिटला सांगावं लागतं, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने. तुमची गाडी आठवड्यात परत आली, त्यात हे राहून गेलं होतं का, तेही तुमच्या गॅरेजच्या शेठना विचार. झेनॉन हेडलाइटच्या बऱ्याच गाड्यांत, साधी स्प्रिंग असली तरी, असाच सेन्सर दिव्याचा झोत वर-खाली करतो. तो चुकीचा बसला, तर घाटात समोरच्या ड्रायव्हरचे डोळे दिपतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ही गाडी हवेवर उभी असते. चालू सिस्टिममध्ये लिंक सोडवलीस तर युनिट क्षणात हवा सोडू शकतं आणि चाक व मडगार्ड यांच्यामधला हात चिरडतो. जॅक मोड लाव, चासीखाली स्टँड ठेव आणि मगच हात घाल. कितीही घाई असो, शेठ कितीही ओरडोत, हा नियम मोडायचा नाही.

महागडा पार्ट अंदाजाने टाकून बघण्याची सवय आपल्या धंद्यात फार बोकाळली आहे. पैसे गिऱ्हाइकाचे जातात आणि विद्या आपली जाते. तू तसा मिस्त्री होऊ नयेस, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिलं. काय मोजलं, काय सापडलं आणि पार्ट का बदलला, ते बिलावर लिहीत जा. असं बिल हातात पडलेलं गिऱ्हाईक सहसा दुसऱ्या दारात जात नाही.

उद्या ती गाडी सपाट फरशीवर घे आणि चारही कोपऱ्यांची टेपची व स्कॅनरची मापं मला पाठव. ती हाती येईपर्यंत नवा सेन्सर मागवू नकोस.

तुझा,
मामा