दोन सह्या

बँकेच्या कर्जविभागात नव्याने रुजू होणाऱ्यांना माझे पहिले सांगणे आहे ते मार्चअखेरीच्या रात्रीविषयी. तालुक्याच्या गावातील एका नागरी सहकारी बँकेत मी बावीस वर्षे चाकरी केली, आणि अर्धे ओढलेले शटर, चहाचे रिकामे पेले व व्हाउचरांची चळत यांच्या सान्निध्यात दरवर्षी त्या रात्री 'नवे-जुने' होताना पाहिले. कर्जाचा हप्ता वा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले म्हणजे खाते अनुत्पादक ठरते, त्यासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते आणि ताळेबंदाचे तेज उतरते. म्हणून थकलेल्याच असामीस, किंवा त्याने उभ्या केलेल्या दुसऱ्या इसमास, नवे कर्ज मंजूर करावयाचे, ती रक्कम त्याच दिवशी जुन्या खात्यात वळती करावयाची आणि दफ्तरी वसुली दाखवावयाची, असा हा व्यवहार. पीककर्जाचे नवे-जुने आपल्या मुलखात इतके अंगवळणी पडले आहे की, त्याच नावाखाली संचालकाच्या आप्ताचे कर्ज फिरविले गेले तरी कोणी भुवई उंचावीत नाही. मला ते खटकले नाही असे म्हणणे असत्य होईल. खटकले, आणि तरी मी सही केली. पुढच्या वर्षी पुन्हा केली.

तिसऱ्या वर्षी मार्केट यार्डातील एक हमाल वसुलीची नोटीस घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "साहेब, ह्यात माझं नाव हाय म्हणत्यात. मी तर कधी कर्ज उचललंच न्हाई," एवढेच तो म्हणाला. मी फाइल काढली. जन्मभर अंगठा उठविणाऱ्या त्या माणसाच्या नावाने अर्जावर वळणदार सही होती, आणि रक्कम अदा केल्याच्या व्हाउचरावर, मंजुरी देणारा अधिकारी म्हणून, माझी.

त्यानंतर मी जे केले त्यातील बरेचसे कोणी करू नये. शाखाधिकाऱ्यांना मी तोंडी सांगितले. आठवड्याच्या आत बदलीचा हुकूम आला. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला दफ्तरात अस्तित्व नसते; आपली हरकत लेखी द्यावी, आवक क्रमांक व तारखेसह तिची पोच घ्यावी, आणि ती पहिल्याच सहीच्या वेळी द्यावी. संतापाच्या भरात मी खातेउताऱ्यांच्या नकला घरी नेल्या. परिणामी मजवरील आरोपपत्र ग्राहकांच्या गोपनीयतेच्या भंगाचे निघाले, आणि अकरा महिने चौकशी चालली ती त्या कर्जाची नव्हे, माझ्या पिशवीची. कागद हलवू नयेत. व्हाउचराचा क्रमांक, तारीख आणि तोंडी आज्ञा कोणी दिली, इतके आपल्या वहीत त्याच दिवशी टिपावे. मूळ कागद मागविण्याचा अधिकार तपासणाऱ्यास असतो. निलंबनाचे पत्र तर पत्नीच्या हाती पडले आणि सारी हकिकत तिला त्यातून कळली. अर्ध्या वेतनावर घर चालवावयाचे असते तिला. तिच्याशी आधी बोलावयास हवे होते, ही खंत अद्याप जात नाही.

तक्रार कोठे करावी, हेही मला ठाऊक नव्हते. महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयास कळविणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे हत्या झाली, आणि त्यानंतर उठलेल्या क्षोभातून २१ एप्रिल २००४ चा केंद्र सरकारचा ठराव निघाला. त्यान्वये केंद्रीय दक्षता आयोग तक्रारदाराचे नाव गुप्त राखतो. परंतु तो ठराव केंद्राच्या खात्यांस व राष्ट्रीयीकृत बँकांसारख्या त्याच्या उपक्रमांस लागू. रिझर्व्ह बँकेची २००७ ची योजना खाजगी व परदेशी बँकांपुरती. आमची सहकारी बँक दोहोंच्या बाहेर, म्हणून आयोगाकडील माझा अर्ज व्यर्थ गेला. २०१४ साली संसदेने तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा केला खरा, पण तो लागू करणारी अधिसूचना मी हे लिहीपर्यंत निघालेली नाही, आणि ही उपेक्षा मला अक्षम्य वाटते. सहकारी बँकेतील माणसाने सहकार निबंधकांचे कार्यालय व रिझर्व्ह बँक या दोन्हीकडे एकाच दिवशी, स्वतःच्या नावाने, पोच मिळेल अशा टपालाने लिहावे. निनावी पत्र बहुधा दप्तरबंद होते. माझे पहिले पत्र निनावीच होते.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना प्रारंभी आपल्याच पैशांतून केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा उरली, तेव्हा शाखांच्या दारातील ती वृद्ध माणसे पाहून मला रात्रभर झोप आली नाही. त्या बँकेच्या प्रकरणातील पोलिसी फिर्यादीत बनावट खात्यांचा आकडा २१,०४९ होता. इतकी खाती एका रात्रीत उभी राहात नाहीत.

आमच्या बँकेची चौकशी अखेर झाली. हमालाच्या नावावरील कर्ज बनावट ठरले. तो दाखला घेऊन तो माझ्या घरी आला, मजकडून दोनदा वाचून घेतला आणि घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित झाली, तेव्हा त्या यादीत माझेही नाव होते. वकिलांनी अपील सुचविले. मी ते केले नाही. भविष्यनिर्वाह निधीतून आलेल्या पैशांतून माझ्या वाट्याची रक्कम भरली.