शेजारी देशाची कंपनी, आपल्या भूमीवरचा कारखाना

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावरील चिंचोटी येथून भिवंडीकडे जाणारा रस्ता कामण गावावरून जातो. वसई रोड-दिवा लोहमार्गावरील कामण रोड हे स्थानकही येथलेच. एका बाजूस वसईच्या पूर्व भागातील लघुउद्योगांचे गाळे आणि दुसऱ्या बाजूस भिवंडीची विस्तीर्ण गोदामे, यांना जोडणाऱ्या वाटेवर हे गाव वसले आहे. मुंबई आणि परिसरातील घरांत पोहोचणारी शीतकपाटे, धुलाई यंत्रे, वातानुकूलन यंत्रे असा बराचसा माल अशाच गोदामांतून पुढे जातो. हा माल कोठे तयार झाला, त्यातील सुटे भाग कोणी पुरविले आणि कारखान्याची मालकी कोणाकडे आहे, हे तीन प्रश्न कामणसारख्या औद्योगिक पट्ट्यातील गावांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. चीनमधील हायर या कंपनीने महाराष्ट्रात केलेल्या पदार्पणाचा इतिहास पाहिल्यास या तिन्ही प्रश्नांवर बराच प्रकाश पडतो.

एका बुडत्या कारखान्याची उभारी

चीनच्या पूर्व किनाऱ्यावरील छिंगदाव या बंदराच्या शहरात शीतकपाटे तयार करणारा एक लहानसा कारखाना होता. 1984 मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत असताना झांग रुईमिन यांची संचालक म्हणून नियुक्ती झाली. त्यांनी जर्मनीतील लीबहेर या कंपनीकडून तंत्रज्ञान घेतले. ‘हायर’ हे नावही त्या जर्मन नावाच्या चिनी उच्चारावरूनच आलेले आहे. 1985 मध्ये 76 शीतकपाटे सदोष असल्याचे आढळले. त्या काळी वस्तूंची टंचाई असल्यामुळे सदोष मालही सहज खपला असता. तथापि झांग यांनी कामगारांच्या हातीच घण देऊन ती सर्व शीतकपाटे फोडावयास लावली. दर्जाविषयीची ही कठोरता पुढे कंपनीची ओळख ठरली. तंत्र दुसऱ्याकडून घ्यावे, परंतु शिस्त स्वतःची असावी, हे सूत्र त्यांनी कृतीत आणले. पुढे 2016 मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकचा गृहोपयोगी उपकरणांचा विभाग याच कंपनीने सुमारे 540 कोटी डॉलरना विकत घेतला.

भारताचे दार कसे उघडले

1962 च्या युद्धानंतर भारत आणि चीन यांच्यातील व्यापार दीर्घकाळ जवळजवळ थंडावला होता. 1984 च्या ऑगस्टमध्ये उभय देशांत व्यापारविषयक करार झाला आणि डिसेंबर 1988 मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांनी चीनला भेट दिली. त्यानंतर संबंधांस हळूहळू गती आली. 1 एप्रिल 2001 पासून भारताने आयातीवरील उरलेली परिमाणात्मक बंधने उठविली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. या पार्श्वभूमीवर हायरने 2003 मध्ये भारतात आपली कंपनी स्थापन केली आणि 2004 पासून विक्रीस प्रारंभ केला.

येथील बाजारपेठ मोकळी नव्हती. गोदरेजने 1958 मध्येच देशी शीतकपाटांच्या निर्मितीत पाऊल टाकले होते. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, व्हिडिओकॉन ही कंपनी घरोघर परिचित होती. दक्षिण कोरियाच्या एलजी आणि सॅमसंग यांनी शहरी ग्राहकांवर पकड बसविली होती. त्यातच चिनी माल म्हणजे स्वस्त आणि अल्पायुषी, हा समज सर्वत्र दृढ होता.

रांजणगावचा टप्पा

आयात केलेला माल विकून या बाजारात टिकाव धरता येणार नाही, हे कंपनीने लवकरच ओळखले. शीतकपाट ही वस्तू आकाराने मोठी आणि आतून पोकळ असते. जहाजाने ती आणणे म्हणजे बव्हंशी हवेचेच भाडे भरणे होय. शिवाय सीमाशुल्क, दुरुस्तीसाठी लागणारे सुटे भाग आणि सणासुदीच्या दिवसांत अचानक वाढणारी मागणी, या सर्वांचा विचार करता कारखाना ग्राहकाच्या जवळ असणेच हिताचे ठरते.

2007 मध्ये हायरने पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथील अँकर देवू कंपनीचा शीतकपाटांचा कारखाना विकत घेतला. नवी जागा मिळवून पायापासून उभारणी करण्याऐवजी तयार कारखाना घेतल्याने वेळ वाचला. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून प्रसिद्ध असलेल्या या गावाजवळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत आहे. व्हर्लपूल आणि एलजी यांचेही कारखाने तेथेच असल्याने या प्रकारच्या उद्योगाला लागणारे पुरवठादार आणि कुशल कामगार परिसरात उपलब्ध होते. सुमारे 600 कोटी रुपये गुंतवून केलेल्या विस्तारानंतर नोव्हेंबर 2017 मध्ये येथे औद्योगिक संकुलाचे उद्घाटन झाले आणि शीतकपाटांबरोबर धुलाई यंत्रे, वातानुकूलन यंत्रे व दूरचित्रवाणी संच यांच्या निर्मितीची सोय झाली. पुढे उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडा येथेही कंपनीने दुसरा कारखाना उभारला.

कारखान्याबरोबरच वस्तूची रचनाही बदलली. भारतीय घरांत, विशेषतः शाकाहारी कुटुंबांत, भाजीपाला, दूध आणि शिजविलेले अन्न यांचा कप्पा दिवसातून अनेकदा उघडला जातो. बर्फाचा कप्पा त्या मानाने क्वचित. रूढ रचनेत मात्र बर्फाचा कप्पा वर आणि नित्याचा कप्पा खाली, त्यामुळे गृहिणीस वारंवार वाकावे लागे. हायरने ही रचना उलटी करून बर्फाचा कप्पा खाली नेला आणि वाकण्याचा त्रास वाचतो, हाच आपल्या जाहिरातीचा मुख्य मुद्दा केला. स्वयंपाकघराचे बारकाईने केलेले निरीक्षण किमतीइतकेच उपयोगी पडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

शासनाची भूमिका

शुल्क आणि नियम यांचाही या घडामोडींत मोठा वाटा आहे. सप्टेंबर 2018 मध्ये केंद्र शासनाने शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे आणि लहान धुलाई यंत्रे यांवरील मूळ सीमाशुल्क 10 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर नेले. ऑक्टोबर 2020 मध्ये वायू भरलेल्या स्थितीतील वातानुकूलन यंत्रांच्या आयातीस मनाई करण्यात आली. वातानुकूलन यंत्रे आणि एलईडी दिवे यांचे सुटे भाग देशातच तयार व्हावेत, यासाठी 2021 मध्ये 6,238 कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना मंजूर झाली. येथे कारखाना काढणाऱ्यास उत्तेजन आणि केवळ तयार माल आणणाऱ्यास अटकाव, असा या धोरणाचा रोख आहे.

भांडवल कोठून येते याचाही विचार शासनास करावा लागतो. 17 एप्रिल 2020 रोजी केंद्र शासनाने, भारताशी भूसीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीस शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक केली. त्याच वर्षी जूनमध्ये गलवान खोऱ्यात झालेल्या संघर्षात भारताचे 20 जवान हुतात्मा झाले आणि चिनी मालावरील बहिष्काराची मागणी देशभर झाली. रांजणगावातील कामगार मात्र मराठी मुलुखातले, त्यांना मिळणारे वेतन येथलेच आणि सुट्या भागांचे अनेक पुरवठादारही येथलेच होते. कारखाना एकदा भूमीत रुजला, की त्याच्यावरील बहिष्काराची झळ कोणाला पोहोचेल, हे सांगणे सोपे राहत नाही.

यातून एक नवी वाट पुढे आली. डिसेंबर 2025 मध्ये भारती एंटरप्रायझेस आणि वॉरबर्ग पिंकस यांनी हायरच्या भारतीय कंपनीतील 49 टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले. त्या योजनेनुसार हायरकडे 49 टक्के आणि उरलेला 2 टक्के हिस्सा भारतातील व्यवस्थापकांकडे राहावयाचा होता. बाजारपेठ हवी असेल तर मालकीतही स्थानिक भागीदार घ्यावा लागतो, हे यावरून दिसते. पाकिस्तानातही याच कंपनीने लाहोरच्या रुबा समूहाशी भागीदारी करून आपला पाया घातला होता.

कामणसारख्या गावांसाठी बोध

शेजारी प्रतिस्पर्धी देशाच्या कंपनीपासून मिळणारा लाभ मोजावयाचा झाल्यास तीन गोष्टी पाहाव्या लागतील. पहिली, सुट्या भागांपैकी किती भाग येथे तयार होतात. केवळ जुळणी येथे आणि कॉम्प्रेसर व विद्युत-नियंत्रक परदेशातून, असे असेल तर मूल्याचा मोठा भाग बाहेरच जातो. दुसरी, तंत्रकौशल्य किती प्रमाणात आपल्या कामगारांच्या हाती येते. तिसरी, निर्णयाचा अधिकार कोणाकडे राहतो.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी स्थानिक प्रयत्नांवर अवलंबून आहेत. साच्यात घडविलेले प्लॅस्टिकचे भाग, पत्र्याचे दाबकाम, दाराच्या रबरी पट्ट्या, तारांचे जुडगे, पुठ्ठ्याची खोकी ही कामे लहान गाळ्यातही होऊ शकतात. त्यासाठी पहिली अट ठरलेल्या मापात आणि ठरलेल्या दिवशी माल देण्याची. शंभरांतील दोन नग सदोष निघाले, तर मोठा कारखाना पुरवठादारच बदलतो. छिंगदावमध्ये फोडलेल्या 76 शीतकपाटांचा धडा लघुउद्योजकालाही तितकाच लागू आहे.

शिक्षकांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी वातानुकूलन-दुरुस्ती, साचे बनविणे आणि मापनशास्त्र यांकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. कंपनी कोणत्याही देशाची असो, तिची यंत्रे दुरुस्त करणारा हात गावातलाच लागतो. अधिकाऱ्यांनी लघुउद्योगांस चाचणीच्या सोयी आणि मोठ्या खरेदीदारांची माहिती मिळवून द्यावी. गोदाम आणि कारखाना यांतील फरक पंचायत सदस्यांनी ध्यानी घ्यावा. गोदामामुळे जागेस भाडे मिळते आणि रस्त्यावर अवजड वाहने वाढतात; रोजगार मात्र मर्यादितच राहतो. कारखान्यामुळे रोजगार आणि कौशल्य येते, तसेच पाणी, सांडपाणी आणि सुरक्षितता यांची जबाबदारीही येते. जागेच्या वापरास संमती देताना या दोन्ही बाजू तोलून पाहणे अगत्याचे आहे.

परराष्ट्राशी कसे संबंध ठेवावेत, हे दिल्लीत ठरते. परंतु त्या राष्ट्राची कंपनी आपल्या दारी आल्यावर तिला आपण केवळ ग्राहक पुरवितो की कुशल कामगार, दर्जेदार सुटे भाग आणि जाणते भागीदारही पुरवितो, हे गावोगावच्या शाळांत, प्रशिक्षण संस्थांत आणि गाळ्यांत ठरत असते.