खेळातील तलवार आणि इतिहासातील चिलखत

१९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. या खेळात पट व सोंगट्या अनिवार्य नसतात. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक व्यक्तीची, म्हणजे एखाद्या योद्ध्याची वा मांत्रिकाची, भूमिका घेतो. सूत्रधार प्रसंगाचे कथन करतो आणि खेळाडूने योजिलेली कृती सफळ झाली की नाही हे फासे टाकून ठरविले जाते. भूमिकाखेळ या नावाने पुढे जगभर पसरलेल्या खेळप्रकाराचा हा आरंभ होय.

या खेळांतील ड्रॅगन आणि जादू कल्पनेतील असली, तरी योद्ध्याच्या हातातील तलवार आणि अंगावरील चिलखत ही युरोपच्या मध्ययुगातून घेतलेली आहेत. ड्रॅगन खरा की खोटा हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तलवारीविषयी मात्र तो विचारणे प्राप्त होते; कारण तलवारी खरोखर होत्या, त्या घडविणारे कारागीर होते आणि त्यांनी केलेल्या जखमा मृतांच्या हाडांवर आजही पाहावयास मिळतात. असंख्य तरुणांना मध्ययुगाचा पहिला परिचय या खेळांतील कोष्टकांतून होतो. तेव्हा त्या कोष्टकांत इतिहास किती आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

एका अंकाची कहाणी

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पूर्वी, १९७१ साली, गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ नावाचे नियमपुस्तक प्रसिद्ध केले होते. शिशाच्या छोट्या सैनिकांनी खेळावयाच्या युद्धाचे ते नियम होते. त्यात दोन व्यक्तींच्या द्वंद्वासाठी एक कोष्टक होते. एका बाजूस शस्त्रे आणि दुसऱ्या बाजूस उघड्या अंगापासून ढालीसह पोलादी पत्र्याच्या चिलखतापर्यंत संरक्षणाच्या आठ पायऱ्या, अशी त्याची मांडणी होती. प्रत्येक शस्त्राला प्रत्येक पायरीसमोर निराळा अंक होता. अमुक शस्त्र अमुक चिलखतापुढे दुबळे आणि तमुक चिलखतापुढे प्रभावी, ही गोष्ट त्या कोष्टकात मान्य केलेली होती.

१९७४ च्या खेळात पर्याय म्हणून दिलेली वीस बाजूंच्या फाशाची पद्धत सोपी होती आणि तीच रूढ झाली. चिलखताला एकच अंक मिळाला. समोरचे शस्त्र कोणतेही असो, अंक तोच. सर्व शस्त्रांची इजा प्रारंभी सहा बाजूंच्या एकाच फाशाने मोजली जाई. १९७५ च्या पुरवणीत शस्त्रागणिक निराळे फासे आले. १९७८ च्या आवृत्तीत शस्त्र आणि चिलखत यांचा संबंध सांगणारे कोष्टक पुन्हा देण्यात आले, परंतु प्रत्येक वाराच्या वेळी ते पाहत बसणे खेळाडूंना जाचक वाटे आणि पुष्कळजण ते वगळूनच खेळत.

या सुलभीकरणाचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. चिलखत घातले की वार लागणे कठीण होते, असा नियमाचा अर्थ होतो. वस्तुतः चिलखत वार चुकवीत नाही. वार लागतो, पण त्याचा जोर पत्र्यावर निसटतो किंवा खालच्या अस्तरात जिरतो. खेळाच्या बाजूने असे म्हणता येईल की, त्यात एक फेरी म्हणजे एक मिनिट धरलेले होते आणि फाशाने दाखविलेले अपयश म्हणजे त्या मिनिटात परिणामकारक वार झाला नाही, एवढेच. हे समर्थन रास्त आहे. तथापि चिलखताचे मोल एका अंकात सामावते, ही समजूत त्यामुळे दृढ झाली.

ग्रंथांतून जन्मलेली चिलखते

खेळातील चिलखतांची यादी वाचताना अभ्यासकास काही नावे खटकतात. त्यांतील दोन उदाहरणे पाहू. पहिले, चामड्यावर सुट्या कड्या शिवलेले चिलखत. दुसरे, चामड्यावर खिळे ठोकलेले चिलखत. मध्ययुगीन युरोपातील योद्धे ही दोन्ही सर्रास वापरीत असत, याला पुरावा नाही. मग ती खेळात आली कोठून?

पहिल्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातील विद्वत्तेत सापडते. कड्यांचे खरे चिलखत म्हणजे लोखंडी कड्यांचे विणकाम होय. त्यातील प्रत्येक कडी सामान्यतः शेजारच्या चार कड्यांत ओवलेली असते आणि तिची टोके चपटी करून रिव्हेटने जोडलेली असतात. असे विणकाम चित्रात काढणे दगदगीचे असल्याने मध्ययुगीन कलावंतांनी निरनिराळ्या खुणा योजिल्या. फ्रान्समधील बायू येथील अकराव्या शतकातील सुप्रसिद्ध भरतकामात योद्ध्यांच्या अंगरख्यांवर मोठी वर्तुळे दाखविली आहेत. अन्यत्र तिरप्या जाळीच्या रेषा किंवा आडवे पट्टे दिसतात. इंग्रज संशोधक सॅम्युएल रश मेरिक यांनी १८२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या प्रत्येक खुणेला निराळ्या प्रकारचे चिलखत मानले आणि त्यांना निरनिराळी नावे दिली. चित्रकाराच्या सोयीतून अशा रीतीने चिलखतांच्या नव्या जाती उत्पन्न झाल्या. क्लॉड ब्लेअर यांच्या १९५८ च्या ग्रंथासारख्या अभ्यासांनी हा गैरसमज दूर केला. परंतु जुन्या ग्रंथांतील नावे रूढ झालेली होती आणि तीच खेळाच्या यादीत उतरली. २०१४ च्या आवृत्तीतही चामड्यावर कड्या शिवलेले हे चिलखत जागच्या जागी आहे.

खिळ्यांच्या चिलखताची गोष्टही अशीच आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकांत कापडाच्या किंवा चामड्याच्या अंगरख्याला आतून लोखंडी पट्ट्या रिव्हेटने जोडीत. बाहेरून फक्त रिव्हेटची डोकी ओळीने दिसत. चित्र पाहणाऱ्याला पट्ट्या दिसल्या नाहीत, खिळे दिसले. खिळ्यांना स्वतःचे असे संरक्षणमूल्य जवळजवळ नव्हतेच. संरक्षण आतल्या लोखंडात होते.

याउलट ज्या वस्त्राला खरोखर महत्त्व होते, ते खेळात सर्वांत खालच्या पायरीवर ढकलले गेले. आपल्याकडील गोधडीप्रमाणे थरांवर थर घालून शिवलेले जाड अंगरखे मध्ययुगात सर्वत्र वापरले जात. गरीब पायदळाचे ते एकमेव चिलखत असे, तर सरदार ते कड्यांच्या चिलखताखाली घालीत. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळातील आज्ञापत्रात तिरंदाजांच्या अशा अंगरख्यासाठी कापडाचे तीस थर, अथवा पंचवीस थर व वर हरणाचे कातडे, असे प्रमाण सांगितले आहे. कड्यांचे विणकाम धार अडविते, पण आघात अडवीत नाही. आघात जिरविण्याचे काम खालचे अस्तर करते. ही दोन स्वतंत्र चिलखते नव्हेत, एकाच रचनेचे दोन थर होत. भारतातील शस्त्रसंग्रहालयांत दिसणारा ‘चार-आईना’ हे याच तत्त्वाचे उदाहरण आहे. छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांवरील त्याचे चार पोलादी पत्रे कड्यांच्या अंगरख्यावर बांधीत असत.

वजनाचा भ्रम

मध्ययुगीन तलवार प्रचंड जड असे आणि चिलखत घातलेला सरदार एकदा पडला की उठू शकत नसे, हा समज खेळांहून जुना आहे. १९४४ च्या ‘हेन्‍री द फिफ्थ’ या चित्रपटात तर सरदाराला यारीने उचलून घोड्यावर बसविलेले दाखविले आहे. १९७८ च्या खेळपुस्तकात दोन हातांच्या तलवारीचा भार २५० सुवर्णनाणी, म्हणजे तेथील हिशेबाने २५ पौंड, दिला आहे. या अंकात वजनाबरोबर वाहून नेण्याची अडचणही धरलेली होती. परंतु वाचकाच्या मनात वजनच राहिले.

प्रत्यक्षात एका हाताने चालविण्याच्या तलवारीचे वजन सामान्यतः एक ते दीड किलोच्या दरम्यान असे आणि युद्धातील दोन हातांची मोठी तलवारदेखील क्वचितच साडेतीन किलोंच्या पुढे जाई. त्याहून जड आढळतात त्या बहुधा मिरवणुकीच्या तलवारी होत. पंधराव्या शतकातील पोलादी चिलखताचा संपूर्ण संच सुमारे वीस ते पंचवीस किलोंचा असे. तो भार सांध्यासांध्यांवर विभागलेला असल्याने धावणे, पडून उठणे व घोड्यावर चढणे शक्य होई. मात्र हे फुकट होत नसे. २०११ साली लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी चिलखतधारी व्यक्तींना चालत्या पट्ट्यावर चालविले व धावविले, तेव्हा चालण्यास लागणारी शक्ती दुपटीहून अधिक झाल्याचे आढळले. पायांवरील पत्रे प्रत्येक पावलागणिक उचलावे लागतात आणि छातीवरील पत्र्यामुळे खोल श्वास घेता येत नाही, ही त्याची कारणे होत. म्हणजे चिलखतधारी मनुष्य अवजड नव्हता, पण लवकर थकणारा होता.

वजनाच्या बाबतीत खेळाने कालांतराने सुधारणा केली, हे नमूद केले पाहिजे. २०१४ च्या आवृत्तीत दोन हातांच्या तलवारीचे वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोंच्या आसपास आहे आणि ते वास्तवास धरून आहे. थकव्याला मात्र तेथील नेहमीच्या द्वंद्वात अद्याप फारसे स्थान नाही.

शस्त्र आणि चिलखत यांची चढाओढ

खेळाच्या यादीत सर्व शतकांची शस्त्रे एकाच दुकानात, एकाच दिवशी विक्रीस असतात. इतिहासात मात्र एकाच्या उत्तरादाखल दुसरे जन्माला येत गेले. कड्यांच्या चिलखताच्या काळात रुंद पात्याची, कापणारी तलवार आणि मोठी ढाल यांची जोडी होती. चौदाव्या शतकात पत्र्याचे आवरण वाढू लागले, तसे तलवारीचे पाते निमुळते, ताठ व टोकदार झाले. कारण पत्रा कापता येत नाही, फटीत टोक खुपसता येते. पत्र्याने अंग झाकल्यावर ढालीची गरज उरली नाही, आणि मोकळा झालेला हात दोन हातांच्या शस्त्राकडे गेला. खेळात पोलादी चिलखत आणि ढाल एकत्र घेतली की अंक वाढतो, म्हणून खेळाडू ती जोडी निवडतो. पंधराव्या शतकातील पायउतार सरदार मात्र सहसा ढाल टाकून परशूसारखे लांब दांड्याचे शस्त्र दोन्ही हातांत घेई.

इटालियन शस्त्रगुरू फियोरे देई लिबेरी याने इ. स. १४१० च्या सुमारास रचलेल्या सचित्र ग्रंथात याचे प्रात्यक्षिक पाहावयास मिळते. चिलखतधारी प्रतिस्पर्ध्यासमोर लढवय्या एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्याच तलवारीचे पाते धरतो, व भाल्यासारखे टोक काखेत किंवा चेहऱ्याकडे नेतो. तलवार असूनही येथे तिच्या धारेचा उपयोग नाही. खंजिराचेही तसेच आहे. खेळात तो सर्वांत कमी इजा करणाऱ्या शस्त्रांत मोडतो. परंतु पत्र्याच्या चिलखतातील मनुष्य कुस्तीने खाली पाडल्यावर शिरस्त्राणाच्या फटीतून त्याचा शेवट करणारे शस्त्र पुष्कळदा खंजीरच असे.

हाडांची साक्ष

या साऱ्या चर्चेचा निवाडा करणारा पुरावा दोन रणभूमींवर मिळाला आहे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरील व्हिस्बी येथे जुलै १३६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सैन्याने बेटावरील शेतकऱ्यांच्या फौजेचा संहार केला. मृतांना पुष्कळदा अंगावरील चिलखतासह सामूहिक खड्ड्यांत पुरण्यात आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालेल्या उत्खननात अकराशेहून अधिक व्यक्तींचे अवशेष मिळाले. आतून पट्ट्या जोडलेले अंगरखे आणि कवटीभोवती अजून तसेच असलेले कड्यांचे टोपही मिळाले. तलवारीचे व कुऱ्हाडीचे घाव मोठ्या संख्येने गुडघ्याखालील हाडांवर आढळले. धड झाकलेले होते, वरच्या बाजूस ढाल होती. नडग्या उघड्या होत्या.

इंग्लंडमधील टाउटन येथे मार्च १४६१ मध्ये झालेल्या लढाईतील मृतांचा एक खड्डा १९९६ साली सापडला. त्यातील सुमारे चाळीस व्यक्तींच्या जखमा मुख्यतः डोक्यावर आहेत, कित्येकांच्या कवटीवर एकाहून अधिक घाव आहेत. मारले गेले तेव्हा या लोकांच्या डोक्यावर शिरस्त्राण नसावे, असा तर्क त्यावरून केला जातो. व्हिस्बीच्या शेतकऱ्याला किंवा टाउटनच्या सैनिकाला चिलखताचा एकच अंक देता येणार नाही. ज्या जागी ते नव्हते, तेथेच त्याचा प्राण गेला.

नियमांचे दुसरे मार्ग

ही उणीव काही नियमकर्त्यांनी लवकरच ओळखली. १९७८ साली निघालेल्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाचा एक कर्ता स्टीव्ह पेरिन हा १९६६ साली बर्कली येथे सुरू झालेल्या एका हौशी संस्थेच्या संस्थापक सभासदांपैकी होता. त्या संस्थेत चिलखत घालून वेताच्या तलवारींनी द्वंद्वे खेळली जात. ‘रूनक्वेस्ट’मध्ये चिलखत वार चुकवीत नाही, लागलेल्या वाराची इजा कमी करते, आणि डोके, धड, हात व पाय यांचे संरक्षण वेगवेगळे मोजले जाते. १९८० च्या ‘आर्म्स लॉ’ने प्रत्येक शस्त्रासाठी चिलखताच्या वीस प्रकारांसमोर स्वतंत्र कोष्टक दिले. अचूकता वाढली, पण प्रत्येक वारामागे पान उलटावे लागू लागले. जेथे सहा मित्र एका संध्याकाळी एक कथा पूर्ण करू इच्छितात, तेथे हा दोष लहान नाही.

यावरून असे दिसते की, प्रत्येक नियमाला काहीतरी गाळावेच लागते. काय गाळले आहे, हे जाणून असणे महत्त्वाचे. नियम न बदलताही खेळाडूला व सूत्रधाराला तीन प्रश्न विचारता येतील. ही कथा कोणत्या शतकासारखी आहे आणि त्या शतकात ही शस्त्रे एकत्र होती काय? चिलखताखाली काय आहे? आणि अंगाचा कोणता भाग उघडा आहे? या प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्यास यादीतील नुसत्या अंकामागे लोहाराचे कसब, शिंप्याचे अस्तर आणि ते घालून दमणारा मनुष्य दिसू लागेल. व्हिस्बीच्या खड्ड्यांतील माणसे त्याच मनुष्याची साक्ष देतात.