नंदे, पुढे पाठवण्याआधी

नंदे,

बचत गटाच्या बायकांनी नवा ग्रुप काढला आणि ॲडमिन तुला केलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. त्या दिवशी फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "ताई, या मोबाईलनं माणसं जवळ आली की वाया गेली गं?" त्याचं उत्तर एका दमात देण्याजोगं नव्हतं. दोन्ही झालंय, आणि मला वाटतं दोन्ही एकाच वाटेनं झालंय. आज निवांत आहे, तर सांगते.

राईनपाडा आठवतंय का तुला? धुळे जिल्हा, साक्री तालुका. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथं आली होती, बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा क्रम. त्या दिवसांत तिकडे मोबाईलवर एकच निरोप फिरत होता, मुलं पळवणारी टोळी आली आहे. यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि तेवढं पुरलं. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. पाचही जण गेले. त्याच दिवशी मालेगावातही अशाच संशयावरून लोकांनी एका कुटुंबाला घेरलं होतं. तिथं पोलीस वेळेवर पोचले, म्हणून ती माणसं वाचली.

त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यात खेळणारं मूल उचलून नेतात. मुळात तो कराचीत बनवलेला, मुलांच्या सुरक्षेबद्दल पालकांना जागं करायला. शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कुणीतरी तो शेवटच कापून टाकला आणि उरलेला तुकडा आपल्याकडे "सावध राहा" म्हणून आला.

मला यात सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? तो निरोप पुढे ढकलणाऱ्यांत आया असणार, आज्या असणार, शाळेतून पोर यायला उशीर झाला की दारात येऊन उभ्या राहणाऱ्या. त्यांच्या मनात कुणाचं वाईट नव्हतं. आपल्या माणसांना सावध करावं, एवढ्याच ओढीनं त्यांनी तो पाठवला. म्हणून "अफवा पसरवू नका" एवढं सांगून भागत नाही गं. आपण अफवा पसरवतोय असं कुणालाच वाटत नसतं. आपण काळजी घेतोय असंच वाटतं.

आणि हीच काळजी २०१९च्या पुरात किती कामाला आली ते तू डोळ्यांनी पाहिलंस. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. कुठल्या गच्चीवर माणसं अडकलीत, बोट कुठं पोचली, म्हशींना वैरण कोण देतंय, म्हाताऱ्यांच्या साखरेच्या गोळ्या कुठं मिळतील, सगळं या फोनवरूनच कळत होतं. पुण्यात बसून आम्हीही त्यामुळेच काही पाठवू शकलो. दोन वर्षांनी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनचा सिलिंडर आणि रिकामा बेड शोधताना पुन्हा तेच. ओळखदेख नसलेली पोरं रात्र रात्र जागून नंबर पडताळत बसली होती.

बघ, पडताळत होती, हे महत्त्वाचं. पुरातही एकाच गावाला दूध हवंय हा निरोप गरज भागल्यावरही फिरत राहायचा आणि दुसरं गाव तसंच राहायचं. आपल्या ओळखीतल्या एक शिक्षिका मात्र प्रत्येक निरोपाखाली तारीख, वेळ आणि बोलायला एक माणूस एवढं लिहायच्या. काम झालं की "मदत पोचली, आता पाठवू नका" असंही टाकायच्या. तू ॲडमिन म्हणून दुसरं काही केलं नाहीस तरी चालेल, ही सवय मात्र गटाला लाव. तारीख नाही, गावाचं नाव नाही, विचारायला माणूस नाही, तर तो निरोप आपल्या ग्रुपवर थांबला पाहिजे.

निरोपावर दोन बाणांची खूण दिसली की तो खूप हातांतून फिरत आलाय असं समज. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. २०२०मध्ये तर फार फिरलेला निरोप एका वेळी एकालाच पाठवता येईल असं केलं. कंपनीला जेवढं करता आलं तेवढं तिनं केलं असं मी म्हणणार नाही, अजून बरंच करायला हवं. पण शेवटचं बोट आपलं असतं.

आता अवघड भाग. निरोप सासूबाईंच्या बहिणीकडून आला तर? त्यांना चारचौघांत खोटं पाडू नकोस. बातमीची लिंक तोंडावर मारल्यासारखी टाकलीस तर त्या गप्प बसतील, पण मनातून पटणार नाही, आणि पुढचा निरोप तुला वगळून पाठवतील. फोन कर. "मावशी, हे कुणी पाठवलं? मला काळजी वाटली म्हणून मी चौकशी केली," असं सांग आणि त्यांनाच तो काढून टाकायला लाव. कुठे दोन समाजांत ताण असेल त्या दिवशी मात्र भीड धरू नकोस. ग्रुप सरळ बंद ठेव, फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं कर. कुणी रागावलं तर रागावू दे.

पैशाचंही सांगून ठेवते. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसला आणि "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कुणाला सांगू नका" म्हणाला, तर तो चोर आहे. आपल्या कायद्यात असली अटकच नाही. पैसे गेले असतील तर लाजून घरात बसू नये, लगेच १९३० या नंबरवर कळवावं. जितक्या लवकर कळेल तितकी ते पैसे मधेच गोठवता येण्याची आशा जास्त. आपल्या बायका आधी नवऱ्याला कसं सांगू या विचारात दिवस घालवतात, आणि चोराला तेवढंच हवं असतं.

आता तुझ्या गार्गीबद्दल बोलते. नववीतल्या पोरीला फोन कायमचा नाकारता येणार नाही, अभ्याससुद्धा त्यावर येतो. पण इन्स्टाग्राम एवढ्यात नको, हे माझं स्पष्ट मत. २०२१मध्ये फ्रान्सिस हॉगन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईनं कंपनीचेच कागद बाहेर आणले. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असतं तेव्हा इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी कंपनीच्या स्वतःच्या पाहणीत सांगितलं होतं. गार्गी आत्ताच रंगावरून खट्टू होते, हे तूच मला सांगितलंस ना?

तिच्या एकटीचा फोन काढून घेऊन काही होणार नाही. आपल्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२पासून काय केलं ते बघ. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. नुसता भोंगा वाजवून कोण ऐकतंय, म्हणून सुरुवातीला अंगणवाडी सेविका आणि आशाताई दारोदार फिरल्या. नियम मोठ्यांनाही लागू, म्हणून पोरांनी मानला. तुमच्या घरात संजयरावांनी जेवताना रील बघणं सोडलं, तर गार्गीशी बोलायला तुला तोंड राहील.

आणि तिला आजच एक गोष्ट सांग, फोन देण्याच्या कितीतरी आधी. कुणी तिचा फोटो बिघडवून टाकला, धमकी दिली, तर ती आधी तुझ्याकडे किंवा माझ्याकडे येईल, आणि आपण तिला एका शब्दानं बोलणार नाही. "तू कशाला फोटो टाकलास" हा प्रश्न आपल्या घरात निघणार नाही. घाबरून काही पुसायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे, धमकावणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, सायबर पोलिसांकडे जायचं. तू तिच्याबरोबर जा, नाहीतर मी येईन. मुली जिवाचं बरंवाईट करतात ते फोटोपायी कमी आणि घरच्यांच्या भीतीपायी जास्त, असं मला वाटतं.

गटाची पुढची बैठक कधी आहे ते कळव. जमलं तर मी येते, आणि तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून कुणी बाई बोलायला येतात का, तेही विचारून ठेव.

तुझी,
ताई