नालबंदाला विचारून बघ

चि. भाचेबाईंस,
नेसरीहून मामाचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं जाडजूड पाकीट पोचलं. प्रतापराव गुजरांवरच्या कादंबरीसाठी जमवलेली टिपणं, नकाशांच्या प्रती, वंशावळी, घोड्यांच्या जातींचा वेगळा तक्ता, सगळं मामाने चष्मा पुसून पुसून वाचलं. कष्ट दिसतात. कादंबरी तेवढी दिसत नाही. सोबतच्या चिठ्ठीत तू म्हणतेस, अजून दोन-चार ग्रंथ नजरेखालून गेले की लिहायला बसेन. तुझ्या मामाचं मत विचारशील तर तू आज संध्याकाळीच बसावंस. का, ते सांगायला हे पत्र थोडं लांबेल.

तुझ्या विषयाची गंमत अशी की त्याचा तळ फार लवकर लागतो. नेसरीच्या लढाईबद्दल जवळच्या काळातलं असं काय आहे? जेधे शकावलीत एक नोंद आहे: माघ वद्य चतुर्दशी, शिवरात्र, नेसरीवर बहलोलखानाशी भांडण, प्रतापराव पडले. इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी तेव्हा रायगडावर गेला होता. त्याचं ४ एप्रिल १६७४ चं पत्र आहे, म्हणजे लढाईला जेमतेम सहा आठवडे झाले होते. दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत, सहा स्वारांसह, मागच्या फौजेची मदत न पोचता प्रतापराव मारले गेले, असं त्यात आहे. ‘सात’ हा आकडा इथून येतो. आणि मग कृष्णाजी अनंत सभासद. त्याने जिंजीत बसून वीसेक वर्षांनी बखर लिहिली. त्याच्याकडे सात स्वार नाहीत. त्याच्याकडे मोठं युद्ध आहे, रक्तपात आहे आणि त्यात तलवारीच्या वाराने पडलेला सरनोबत, म्हणजे सेनापती, आहे. आधीची हकिकतही तोच देतो: १६७३ मध्ये उमराणीला पाण्यावाचून कोंडलेल्या विजापूरच्या बहलोलखानाला प्रतापरावांनी सोडून दिलं, शिवाजी महाराज संतापले, आणि खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, अशा अर्थाचा निरोप गेला.

बाकी बरंचसं नंतरचं. त्या सहा जणांची नावं आज शाळेतली पोरंही घडाघडा म्हणतात. शकावलीत ती नाहीत, शेणव्याच्या पत्रात नाहीत, सभासदातही नाहीत. सामानगडावरून प्रतापराव निघाले असं आमच्या भागात सांगतात. ते खरंही असेल, पण ती सांगोवांगी आहे एवढं ध्यानात ठेवून वापर.

आता यातली गोम बघ. दोन साक्षी जुळत नाहीत. एकीत सात माणसं आणि खिंड, दुसरीत अख्खी लढाई. शिवाय सभासदाची बखर राजाराम महाराजांसाठी लिहिलेली, आणि प्रतापरावांची मुलगी जानकीबाई राजाराम महाराजांना दिलेली. म्हणजे बखरकार सासऱ्याचं मरण जावयाला सांगतोय! तो ते कसं सांगेल, काय गाळेल, याचा विचार इतिहासकार करतो आणि प्रश्न उघडा ठेवतो. त्याला ते परवडतं. कादंबरीकाराला त्या सकाळी घोडे मोजावेच लागतात. सात की सातशे, हे ठरवल्याशिवाय तुझं पहिलं वाक्यही पुढे सरकणार नाही, आणि ते ठरवून देणारा पाचवा ग्रंथ पुण्यात नाही, लंडनमध्येही नाही.

तुझ्या पिशवीत पानिपत असतं तर गोष्ट वेगळी होती. तिथे पत्रांचा, बखरींचा, अखबारांचा पूर आहे. त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या अभ्यासकाने त्यावर आयुष्यातली वर्षं घातली, आणि विश्वास पाटलांना १९८८ च्या कादंबरीत एवढ्या सामग्रीतून वाट काढायची होती. तिथे बुडण्याची भीती. इथे चार ओळी आहेत, आणि तू त्या चार ओळींभोवती घोड्यांचे तक्ते रचते आहेस. मामाला शंका येते की हा अभ्यास नसून लिहिण्याची भीती आहे. राग मानू नकोस. टिपणं काढताना कोणी तुला नापास करत नाही, पहिलं प्रकरण लिहिलं की करू शकतं.

याचा अर्थ अभ्यास सोड, असा नाही. फक्त प्रश्न आधी येऊ दे, उत्तर मागाहून शोध. समज तू आत्ता प्रसंग लिहायला घेतलास: आदल्या रात्री छावणी, चांदण्यात चमकणारी भाल्यांची पाती, खजील झालेला सेनापती एकटाच येरझारा घालतोय. लिहिलंस की लगेच स्वतःला विचार, चांदणं कुठून आलं? दुसऱ्या दिवशी वद्य चतुर्दशी. चंद्राची कोर उगवणार ती पहाट होता होता. रात्रभर मिट्ट काळोख. हे कळायला दप्तरखाना लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. आणि काळोख आला की प्रसंगच बदलतो. सेनापती कुणाला दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तुझ्या चांदण्यापेक्षा हे बरं झालं की नाही?

तीच गोष्ट ऋतूची. पुस्तकांत २४ फेब्रुवारी १६७४ अशी तारीख असते, ती इंग्रजांच्या जुन्या पंचांगाची. आजच्या कॅलेंडरने तो दिवस ६ मार्च. म्हणजे पहाटे गारवा, पण दहा वाजता ऊन चांगलं चटकायला लागलेलं. चिलखत घातलेल्या माणसाला हे दहा दिवस कळतात.

आणि शिवरात्र म्हटल्यावर उपास आलाच. तुझ्या टिपणांत एका ठिकाणी स्वारांसाठी साबुदाण्याची खिचडी शिजते आहे. मामी ते वाचून हसत होती. आपला साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, तो कंद अमेरिकेतला, आणि सेलमकडचे कारखाने निघाले १९४० च्या दशकात. खिचडीतला बटाटाही अमेरिकेचा आणि शेंगदाणाही. इथल्या डोंगरउतारांवर आज जिकडेतिकडे दिसणारी काजूची झाडंसुद्धा पोर्तुगीजांनी गोव्याला आणलेल्या रोपांची लेकरं. तेव्हा वरी, दूध, ताक, रानातले कंद एवढ्यावर भागव. पण गंमत बघ: ही चूक तुला कळली ती तू खिचडी शिजवलीस म्हणून. स्वयंपाकाचा इतिहास आधी वाचून मग चूल पेटवायची म्हटली असतीस तर मराठ्यांची फौज अजून उपाशीच असती.

म्हणून मामाची रीत साधी आहे. लिहिताना टिपणांची फाइल दुसऱ्या खोलीत. अडलं की कंसात ‘बघणे’ एवढंच लिहायचं आणि पुढे जायचं. लगाम कसला, बघणे. नदीला पाणी किती, बघणे. प्रकरण संपलं की ‘बघणे’ची यादी वेगळी काढायची. त्यातले निम्मे प्रश्न दुसऱ्या वाचनात आपोआप गळतात, कारण ज्या वाक्यासाठी ते पडले होते ते वाक्यच उरत नाही. उरलेल्यांसाठी मात्र पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळापर्यंत जायचा कंटाळा करू नकोस.

हे काही तुझ्या मामाच्या डोक्यातून निघालेलं शहाणपण नाही. टॉल्स्टॉयचं ‘युद्ध आणि शांती’ घे. त्याचे पहिले भाग १८६५ पासून मासिकात छापून येऊ लागले होते, आणि बोरोदिनोचं रणांगण बघायला तो गेला १८६७ च्या सप्टेंबरात. बरोबर बायकोचा बारा वर्षांचा धाकटा भाऊ. तोवर बरीचशी कादंबरी लिहून झाली होती. त्यामुळे माळावर उभं राहून नेमकं काय बघायचं हे त्याला ठाऊक होतं: सूर्य कुठून उगवतो, कुणाच्या डोळ्यांवर येतो, कुठवरचं दिसतं. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ १८९५ ते ९७ या काळात ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. अंक निघायचा तो निघायचाच. हरिभाऊंना ‘अजून दोन-चार ग्रंथ’ म्हणायची सोयच नव्हती, आणि तरी मराठी ऐतिहासिक कादंबरीचा रस्ता त्यांनीच बांधला.

नेमाड्यांचं उदाहरण तू उलट माझ्या अंगावर टाकशील, म्हणून आधीच सांगतो. ‘कोसला’ १९६३ साली पंधरवड्यात लिहून झाली आणि ‘हिंदू’ २०१० साली आली, कित्येक वर्षं रखडत. दोन्ही एकाच माणसाच्या. पण ‘कोसला’तलं जग त्या पोराने नुकतंच जगलेलं होतं. तुझं तसं नाही, तुला बघावं लागणारच. किती, एवढाच वाद आहे.

आता आपल्या भागातल्या दोघांबद्दल. नेसरीच्या एका अंगाला कोवाड, रणजित देसायांचं गाव. दुसऱ्या अंगाला आजरा, शिवाजी सावंतांचं. इतिहास-पुराणावर उभ्या असलेल्या मराठीतल्या सर्वांत खपाच्या कादंबऱ्या लिहिणारे दोघे इथल्या तासाभराच्या टापूतले निघावेत, याचं मामाला अजून नवल वाटतं. सावंतांनी ‘मृत्युंजय’ लिहिली तेव्हा ते कोल्हापुरात शाळेत शिकवत होते. १९६७ साली ती आली तेव्हा वय सत्तावीस. महाभारत सगळ्यांसमोर उघडं पडलेलं, नवा कागद कुठलाच मिळायचा नव्हता. त्यांनी काय केलं, तर कर्णाची गोष्ट एकट्या कर्णाला सांगू दिली नाही. कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली बोलते, शोण बोलतो, शेवटी कृष्ण बोलतो. सामग्री तीच, बोलणारे बदलले.

देसायांकडे ये. ‘स्वामी’ १९६२ ची, साहित्य अकादमीचा पुरस्कार १९६४ चा. माधवराव पेशव्यांचे कागद आहेत, लढाया आहेत, १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला झालेला मृत्यू आहे. रमाबाईंबद्दल त्या मानाने अगदी थोडं. पण वाचकाला आठवतात त्या रमाबाईच. जिथे दप्तर गप्प बसलं तिथे देसायांची लेखणी सुटली. काही इतिहासवाल्यांना हा भाबडेपणा वाटतो, आणि मामालाही ‘स्वामी’तलं काही काही जरा जास्तच गोड वाटतं. तरी जागा त्यांनी बरोबर हेरली हे कबूल करावं लागतं.

‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना तू वाचली नसशील तर आधी ती वाच. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी देसायांना लिहिलेलं ते लांबलचक पत्र आहे. एका विचारवंताने कादंबरीकाराला पत्र लिहावं आणि त्याने ते कादंबरीच्या तोंडाशीच छापावं, असं मराठीत फारसं झालेलं नाही. मामाला त्यात आवडतं ते हे, की कुरुंदकर ग्रंथांची यादी देऊन मोकळे होत नाहीत. नाट्यमय प्रसंगांच्या पलीकडचा राजा, त्याचं राज्य चालवणं, तो काळ, यांच्याकडे कसं बघावं हे ते मांडतात. दोघांची वाट वेगळी आहे हेही त्यांना पक्कं ठाऊक आहे. तसं पत्र लिहिण्याची पात्रता तुझ्या मामाची नाही, पण अभ्यास म्हणजे माहिती जमवणं नव्हे, हे तिथे दिसतं.

तुझ्या पाकिटात एक रत्न आहे आणि तू ते कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून विसरलीस. सभासदाने महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. तू हे तक्त्यात भरलंस. मामा तिथेच थांबला. सात जण गेले, मग मागे कोण राहिलं? त्यांचा नालबंद राहिला. ज्याने आदल्या दिवशी त्या घोड्यांचे खूर हातात धरले, कुठल्या घोड्याचा पुढचा उजवा नाल ढिला आहे हे ज्याला माहीत, तो. आणि पखालजी, ज्याला उमराणी आठवते, कारण तिथे सगळा खेळच पाण्याचा होता. सरनोबत कुणाला काही न सांगता निघाला असेल, पण घोडा सज्ज करायला सांगितल्याशिवाय निघाला नसेल.

बारगीर आणि शिलेदार हा फरकही असाच कामाला लावता येईल. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा पडला तर शिलेदाराच्या घरची निम्मी दौलत पडली. सहातला एक शिलेदार कर आणि निघताना त्याला घोड्याच्या मानेवरून एकदा हात फिरवू दे. वाचकाला पागेची रचना समजावून सांगायची गरज उरणार नाही. तुझ्या तक्त्यातल्या खोगीर, रिकीब, तोबरा, पट्टा, विटा या सगळ्यांना मिळून एका पानात एकच जागा आहे, हे मनाशी ठरवून टाक.

हलवायच्या नाहीत अशा खुंट्या मोजक्याच: तिथी, गाव, बहलोलखान, उमराणीचा राग, प्रतापरावांचं पडणं, मागाहून हंसाजी मोहित्यांना हंबीरराव म्हणून मिळालेली सरनोबती, आणि ६ जून १६७४ चा राज्याभिषेक. राज्याभिषेकाला साडेतीन महिनेही उरले नव्हते तेव्हा सेनापती गेला, हे विसरू नकोस; रायगडावरच्या प्रत्येक प्रसंगात ते असलं पाहिजे. सहा जणांची नावं प्रचलित आहेत तीच घ्यायची की नवी ठेवायची, हे तुझं तू ठरव. काहीही ठरवलंस तरी शेवटी दोन ओळींची टीप घाल, म्हणजे उद्या कोणी तुझ्या कादंबरीलाच पुरावा म्हणून दाखवणार नाही. आपल्याकडे ते फार होतं.

नालबंदाचं प्रकरण लिहून पाठव. कच्चं चालेल, मध्ये दहा ठिकाणी ‘बघणे’ असलं तरी चालेल. ती यादी वेगळ्या कागदावर काढ. वाटा, ओढे, खिंडीतून समोर कुठवर दिसतं, सकाळी ऊन कुणाच्या तोंडावर येतं, असलं जे असेल ते मामा इथे हिंडून कळवेल. तू स्वतः आलीस तर शिवरात्रीच्या सुमाराला ये, गडहिंग्लजला उतरून नेसरीची एस.टी. धर. सामानगडही बघून होईल. मामीने कळवलंय की उपास असला तरी खिचडी करणार आहे.

तुझा
मामा