चाऱ्यातले संप्रेरक आणि मळीचा मद्यार्क



गाय माजावर येते, आपण भरवून आणतो आणि तीन आठवड्यांनी ती पुन्हा उलटते. मग दोष कुणाला? कधी वळूला, कधी नशिबाला. चाऱ्याकडे मात्र कुणी बघत नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हरच्या कुरणावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात. १९४६ साली तिथल्या पशुवैद्यांनी ही तक्रार थेट कुरणाशी जोडून दाखविली. क्लोव्हर म्हणजे आपल्या लसूणघासाच्या भाऊबंदातले. त्यातल्या फॉर्मोनोनेटिन या द्रव्यापासून मेंढीच्या पोटातले जंतू इक्वॉल तयार करतात, आणि ते मादीच्या अंगातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागते.

सोयाबीनमधले डेडझीन याच कुळातले. सोयाबीन ते स्वतःच्या कामासाठी बनविते. मुळांवाटे ते सोडून मातीतल्या गाठीच्या जिवाणूंना बोलावते.

हीच द्रव्ये प्रयोगशाळेतही बनतात. डेडझीनचा सांगाडा १५ कार्बनांचा. रिसॉर्सिनॉलचे ६ आणि दुसऱ्या एका आम्लाचे ८ असे १४ कार्बन आधी जोडतात. पंधरावा कार्बन घालून कडे बंद करायचे, हे खरे कसब. १९३४ साली लाहोरला असताना कृष्णस्वामी वेंकटरामन आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी इथाइल फॉर्मेट व सोडियम धातू वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. हेच वेंकटरामन पुढे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे आणि १९५७ पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

इथाइल फॉर्मेट बनते फॉर्मिक आम्ल आणि मद्यार्क यांपासून. आपल्या उसाच्या मळीतून निघतो तोच हा मद्यार्क! तो पंधरावा कार्बन पोचवितो आणि स्वतः बाजूला होतो. (घरी मात्र कुणी करून बघू नये. सोडियम पाण्याला लागताच पेट घेतो.)

झाडात आयते असताना हा खटाटोप कशाला? झाडातून काढलेला अर्क सरमिसळ असतो. प्रयोगशाळेत केलेले द्रव्य शुद्ध असते. त्याच्याशी ताडून कोणत्या चाऱ्यात ते किती आहे, हे मोजता येते. मोजमाप आले की अंदाजाचे भांडण मिटते.

आता आपल्या गोठ्याचे. तळेरे, वैभववाडीपासून करूळ घाटाच्या वरपर्यंत आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी दुभते जनावर आहे. मेंढीइतका त्रास गाईम्हशींना होत नाही. तरी एवढे पाळावे:

१. नुसत्या लसूणघासावर जनावर ठेवू नये. कडबा, वैरण मिसळून द्यावी.

२. पानांवर रोगाचे ठिपके पडलेला लसूणघास गाभण घालवायच्या जनावराला देऊ नये. रोगाने त्यातले कुमेस्ट्रॉल हे संप्रेरकासारखे द्रव्य वाढते.

३. जनावर सारखे उलटत असेल तर डॉक्टरांना दाखवावे, आणि काय चारता तेही सांगावे. कारणे पुष्कळ असतात. चारा हे त्यांतले एक.

उसात सोयाबीनचे आंतरपीक घेणाऱ्यांनी यामुळे घाबरू नये. मुळांवरच्या गाठी जमिनीच्या फायद्याच्याच आहेत. फक्त चारताना हात राखून चारावे.