ट्रॅक्टरचा टायर बदलला की फवारणीची मात्राही बदलते

हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी शिफारशीतील कीटकनाशक वेळेवर फवारूनही मोठ्या अळ्या जिवंत राहिल्या, तर पहिला संशय औषधाच्या दर्जावर आणि दुसरा किडीच्या प्रतिकारक्षमतेवर जातो. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. मात्र फवारणी ट्रॅक्टरचलित बूम यंत्राने झाली असेल, तर विस्तार कार्यकर्त्याने त्याआधी एक साधा प्रश्न विचारणे योग्य ठरते: गेल्या हंगामानंतर ट्रॅक्टरचे मागील टायर बदलले आहेत काय?

इंजिनाची गती गिअरपेटी व डिफरन्शिअलमधून कमी होत चाकापर्यंत पोहोचते. टायर हा या साखळीतील शेवटचा दुवा होय. चाकाच्या एका फेऱ्यात ट्रॅक्टर साधारणतः टायरच्या परिघाइतका पुढे सरकतो. म्हणूनच मोठा टायर बसविणे म्हणजे सर्वच गिअर थोडे वरचे करणे. त्यामुळे वेग वाढतो आणि ओढण्याची ताकद त्याच प्रमाणात घटते.

येथे एक गैरसमज हमखास आढळतो. १३.६-२८ आणि १४.९-२८ या दोन्ही मापांत २८ इंच हा रिमचा व्यास आहे; तो सारखाच असल्याने वेगही सारखाच राहील, असे मानले जाते. प्रत्यक्षात पहिला आकडा टायरची रुंदी दर्शवितो आणि रुंदीबरोबर उंचीही वाढते. या दोन टायरच्या व्यासांत सुमारे ५ सेंटिमीटरचा, म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. जुन्या टायरचे गट्टू अडीच सेंटिमीटर झिजलेले असतील, तर तेवढाच फरक आणखी पडतो. झिजलेला १३.६-२८ काढून नवा १४.९-२८ बसविला की त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमवर ट्रॅक्टर सुमारे ८ टक्के वेगाने धावतो. चालकाला हे जाणवतही नाही. पुस्तिकेतील वेगाचा तक्ता विशिष्ट मापाच्या टायरसाठी असतो, त्यामुळे तोही आता लागू पडत नाही.

फवारणी पंप मात्र चाकावर नव्हे, पीटीओवर चालतो. दाब तोच ठेवल्यास नोझलमधून दर मिनिटाला तेवढेच द्रावण बाहेर पडते, पण ते अधिक क्षेत्रावर पसरते. १२ मीटर बूमवर २४ नोझल असून प्रत्येकातून मिनिटाला २ लिटर द्रावण पडते, असे समजू. ताशी ४.८ किलोमीटर वेगाने हेक्टरी ५०० लिटर द्रावण पडेल. वेग ८ टक्के वाढल्यास ते ४६३ लिटरवर येते. ५०० लिटरच्या टाकीत एका हेक्टरसाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी २२० ग्रॅम मिसळले असेल, तर प्रत्यक्षात हेक्टरी जेमतेम २०४ ग्रॅम पोहोचते. एवढ्या तुटीने फवारणी सर्वस्वी फसते असे नव्हे. लहान अळ्या याही मात्रेत मरतात. मोठ्या अळ्यांना मात्र अधिक मात्रा लागते. त्यात फवारणीला उशीर झाला आणि पानांआड द्रावण नीट पोहोचले नाही, तर हीच तूट निर्णायक ठरते. मग दोष औषधाला दिला जातो आणि दुसऱ्या फवारणीचा खर्च वाढतो.

डिझेलचा हिशेबही याच कारणाने फसवा ठरतो. फवारणीसारख्या हलक्या कामात ताशी डिझेल जवळजवळ तेवढेच लागते, पण तासात अधिक क्षेत्र उरकते. म्हणून हेक्टरी खप कमी दिसतो. वळणे घेणे आणि टाकी भरणे यांचा वेळ तोच राहत असल्याने ही बचत ८ टक्क्यांपेक्षा कमीच असते. नांगरटीत चित्र उलटेही होऊ शकते. इंजिनावर ताण येऊन आरपीएम पडतात, चालक खालचा गिअर टाकतो आणि फायदा संपतो. रुंद टायरमुळे भुसभुशीत जमिनीत चाक घसरणे कमी झाले, तर तेवढी बचत मात्र खरी.

वेग तपासण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. टाकी निम्मी भरून, फवारणीच्याच शेतात, नेहमीच्या गिअर व आरपीएमवर ५० मीटर अंतर पार करण्यास लागणारे सेकंद मोजावेत. १८० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात. वरील उदाहरणात जुन्या टायरवर ३७.५ सेकंद लागत. नव्यावर सुमारे ३४.७ लागतील.

वेग वाढल्याचे आढळल्यास दाब वाढवून तूट भरण्याचा मोह टाळावा. ८ टक्के अधिक प्रवाहासाठी दाब सुमारे १७ टक्के वाढवावा लागतो. थेंब बारीक होऊन वाऱ्याबरोबर वाहून जातात. त्यापेक्षा पीटीओ ५४० ऐवजी ५०० आरपीएमवर चालवून पाहावा. पंपाची क्षमता पुरेशी असल्यास दाब टिकतो आणि वेग पूर्ववत होतो. द्राक्षबागेतील ब्लोअरला मात्र हा उपाय चालत नाही, कारण पंख्याची हवा कमी होते. तेथे नवा वेग धरूनच नोझल निवडावेत.

चारही चाकांना गती मिळणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये केवळ मागील टायरचे माप बदलू नये. पुढील व मागील चाकांचे ठरलेले प्रमाण बिघडून टायर लवकर झिजतात आणि डिझेलही वाया जाते. टायर बदलल्यावर मोजलेले सेकंद, गिअर आणि आरपीएम हे तीन आकडे मडगार्डवर रंगाने लिहून ठेवल्यास चालक बदलला तरी ते हाताशी राहतात.